काळी पाच

दुसऱ्याची चूक सापडली की आमच्या वासुदेवरावांचा चेहरा असा काही खुलतो, मला बघवत नाही. माझा नवरा कोलोनमध्ये गाड्यांचा इंजिनियर, आणि शनिवार-रविवार अमेरिकेतल्या जुन्या कंट्री गाण्यांचा संशोधक. कोणतं गाणं आधी कोणी रेकॉर्ड केलं, यावर जेवण थंड होईपर्यंत बोलेल.

ड्युसेलडॉर्फच्या रेकॉर्डप्रेमींच्या क्लबात बेकर नावाचे आजोबा होते. त्यांच्याकडे एका गाण्याची तबकडी होती. गाणं बाजारात यायच्या आधी काढलेली, जगात एकच, असं ते जन्मभर सांगत आले. झिजेल म्हणून कुणाला वाजवू देत नसत. वासुदेवने फोनवर नुसती गाण्याची पट्टी विचारली. "बे," आजोबा म्हणाले.

बे म्हणजे इंग्रजी बी, एवढं जर्मन याला येतं! आणि बाजारातली रेकॉर्ड होती बी फ्लॅटमध्ये. झालं, भर सभेत हा उभा राहिला. "तुमची अर्धा सूर वर आहे. म्हणजे बाजारातल्याच रेकॉर्डवरून चुकीच्या वेगाने उतरवलेली नक्कल. चक्क बनावट!" लोक हसले. आजोबांनी चाचरत विचारलं, "नक्की?" "गेनाऊ, अगदी नक्की," हा म्हणाला आणि केक खायला बसला.

पुढे आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी पेटीवर होते आणि एक जर्मन बाई व्हायोलिनवर. "बे," ती म्हणाली. मी बी म्हणून पांढरी सात धरली. इतकं बेसूर वाजलं की काही विचारू नका. ती हसली. "आमच्याकडे बे म्हणजे शेजारची काळी. तुमच्या त्या पांढरीला आम्ही 'हा' म्हणतो."

काळी पाच! म्हणजे बी फ्लॅटच की! म्हणजे आजोबांची तबकडी बाजारातल्याच पट्टीत होती, अर्धा सूर वर नव्हतीच.

घरी येऊन वासुदेवला फैलावर घेतलं. "आत्ताच्या आत्ता आजोबांना फोन लाव आणि माफी माग." त्याने तोंड पाडून लावला, स्पीकरवर.

आजोबाच आधी बोलले. "बरं झालं सांगितलंत. जन्मभर लोकांना फसवत होतो हो मी. हातोडीने फोडली ती."

मी खुणा करत होते, सांग, अरे सांग! वासुदेव म्हणाला, "चांगलं केलंत," आणि फोन ठेवला.

"लाज नाही वाटत?" मी ओरडले.

"आता तपासणार कोण?" तो म्हणाला, आणि त्या बनावट तबकडीवरचा लेख मासिकाला पाठवायला बसला.

मी रागाने फोन उचलला. पण आजोबांना सांगणार काय, की तुम्ही खरीच फोडलीत? मी तो परत ठेवला.