उरलेलं गाणं

मी एक तबकडी. लाखेची, काळीकुळकुळीत, हातातून निसटले तर ठिकऱ्याच. कलकत्त्याकडच्या कारखान्यात माझ्या अंगावर एक इंग्रजी गाणं उतरवलं, त्यात गिटार आणि ड्रमचा नुसता धुमाकूळ. त्या काळी ते साऱ्या जगाला नाचवत होतं म्हणे. पलटणीतल्या हंबीररावांनी मला छावणीच्या बाजारात घेतलं आणि विट्याजवळच्या आपल्या गावी आणलं. गावात शब्द एकालाही कळेना, पाय मात्र सगळ्यांचे हलायचे. माझ्या पाठीवर दुसरं एक संथ गाणं आहे. ते कुणी कधी लावत नसे.

आमचं गाव फौजींचं. सुट्टी संपवून जवान निघाला की एस.टी.च्या थांब्यावर रहिमान लाऊडस्पीकरवाला कर्णा बांधायचा आणि जाणाऱ्यानं आपल्या आवडीचं एक गाणं सांगायचं, अशी रीतच पडली होती. कुणी लावणी सांगे, कुणी अभंग. हंबीररावांचा थोरला अर्जुना दर वेळी मलाच सांगायचा. मला त्याचा भारी ताठा होता, खोटं कशाला बोलू!

एकाहत्तरची दिवाळी झाली आणि त्याला तारेनं परत बोलावलं. त्या दिवशी गाडी वेळेआधी आली. गाणं निम्म्यावर होतं. रहिमाननं घाईनं पिन उचलली, ती माझ्या अंगावर ओरखडा काढून गेली. अर्जुना गाडीच्या पायरीवरून हसला.

"ऱ्हाऊ दे रं गड्या, उरल्यालं आल्यावर ऐकू."

तो आला नाही. लढाईतून पुन्हा तार तेवढी आली.

त्याच्या आईनं, अंबूबाईनं, मला लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून ज्वारीच्या कणगीत खुपसलं. दीड वर्ष मी तिथंच होते. दाणे उपसताना तिचा हात मला लागायचा आणि चटका बसल्यासारखा मागे जायचा.

तोवर धाकटा ज्योतिबाही फौजेत गेला होता. त्याची पहिली सुट्टी संपली, त्या सकाळी रहिमान रीतीप्रमाणे घरी विचारायला आला. "कुठलं लावू रं?"

"दादाचं."

हंबीरराव उठून मागच्या परड्यात गेले. ज्योतिबानं कणगीत हात घातला, मला बाहेर काढलं, पण अंबूबाईनं झडप घालून मला हिसकावलं. "ही पांढऱ्या पायाची! हिनंच न्हेला माझा अर्जुना!" तिनं मला जात्यावर आपटायला वर धरलं. आणि तिचंच खरं असलं तर, असंही एकदा वाटून गेलं.

"आये, गान्याचा काय दोष?" ज्योतिबा म्हणाला. "त्ये बिचारं अर्धंच ऱ्हायलंय."

तिचा हात वरच थांबला. मग मला पोटाशी धरून ती तरातरा थांब्याकडे निघाली.

"रहिमान, लाव. पन आज पुरं वाजाय पायजे."

मी वाजू लागले आणि समोरून मिरजेची गाडी आलीच. ज्योतिबानं ट्रंक वर चढवली. कंडक्टरनं घंटी मारली, तशी अंबूबाई गाडीपुढं आडवी उभी राहिली.

"आवं मावशी, बाजूला व्हा! मिरजेला रेल्वे चुकंल समद्यांची." कंडक्टर ओरडला.

"गानं सरल्याबिगर गाडी हालायची न्हाई."

रेल्वे चुकली तर पोरगा पलटणीत वेळेवर हजर होणार नाही, हे तिलाही कळत होतं. मी जीव खाऊन धावत होते. आणि नेमकी त्या ओरखड्यावर पिन अडकली. एकच शब्द, पुन्हा तोच, पुन्हा तोच. थांब्यावरची माणसं जागच्या जागी थिजली. रहिमानचा हात पिनेकडे गेला.

"उचलू नगंस!"

गाडीपुढून ती धावत आली. भाकऱ्या थापून निबर झालेलं बोट तिनं पिनेवर हलकेच टेकवलं आणि पुढं सारलं. ओरखडा ओलांडला! उरलेलं सगळं, शेवटच्या ठोक्यापर्यंत, मी वाजले. मग कंडक्टरनं पुन्हा घंटी मारली आणि गाडी गेली. कर्ण्याच्या खांबाला टेकून अंबूबाई हमसाहमशी रडली. अर्जुना गेल्याची तार आली तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती.

पुढच्या बेंदराला, बैलांच्या सणाला, ज्योतिबा धडधाकट घरी आला. अंबूबाई मला घेऊन थांब्यावर उभी. रहिमान गोंधळला. "काकी, येनाऱ्याला कुठं गानं असतंय? आन् आवड त्याला इचारायची का तुमाला?"

"मला इचार. मला कवा कुनी इचारलंय?" असं म्हणत तिनं मला उलटं केलं. "ह्ये मागल्या अंगाचं लाव."

आता शहात्तर साल आहे. मी तिच्या भिंतीतल्या देवळीत असते. तुम्ही कधी आमच्या थांब्यावर आलात तर नाचाचं गाणं मागू नका, ते वाजवून झालंय. ज्योतिबाची गाडी दिसली की अंबूबाई मला बाहेर काढते, ओरखड्यावरून एकदा बोट फिरवते, आणि मग पालथी घालते.