तयार खड्डा

आप्पांच्या रक्षेवर नागचाफ्याचं रोप उभं केलं गेलं, तेव्हा त्यांच्या लेकीची, मनकर्णाची नजर त्या रोपावरून हलेना. दुःख होतंच, पण हे झाडच इथं चुकीचं होतं.

नागचाफा तिच्या चांगल्या ओळखीचा. वीस वर्षं ती सह्याद्रीच्या ओल्या जंगलात झाडांचे घेर मोजत आली होती. तिथं पाण्याला तोटा नसतो, झाडांचं भांडण उजेडासाठी असतं. मोठ्यांच्या सावलीत एखादं झाड मनगटाएवढं खोड घेऊन निम्मं आयुष्य काढतं, आणि शेजारचं कोसळून आभाळ उघडं पडलं की झपाट्यानं वर सरकतं. असलं ओल्या सावलीतलं झाड धारूरच्या उघड्या टेकडीवर लावलं जात होतं. तेही भर एप्रिलात, लातूरला आगगाडीनं पाणी आणावं लागलं त्या साली.

गहिनीनाथ आप्पांनीच ही टेकडी हिरवी करायला गावाची वृक्ष सहकारी संस्था काढली होती. सुरुवातीची काही वर्षं कडुनिंब आणि बाभळी धरल्याही. पुढं बंकटराव चेअरमन झाले. गेली तीन वर्षं तर आप्पा टेकडीवर फिरकतही नव्हते. गुडघे दुखतात म्हणायचे. मनकर्णा फोनवर विचारायची, "टेकडी कशी आहे?"

"खड्डे लई चांगले हायत," आप्पा म्हणायचे आणि विषय बदलायचे.

ते गेले तेव्हा नदीत पाण्याचा थेंब नव्हता. सावडून आणलेली रक्षा गाडग्यात भरून बांधावरच्या लिंबाला टांगून ठेवली. त्याच बांधावर एक हिवर होता. मनकर्णा कॉलेजला गेली तेव्हा तो गुडघ्याएवढा होता, अजूनही तेवढाच. दर साली फुटायचा, दर साली शेळ्या त्याला बुडापर्यंत ओरबाडायच्या. "मला त्याच्या बुडाला टाका," असं आप्पा म्हणून गेले होते.

पाचव्या दिवशी बंकटराव दारात आले.

"काकू, आप्पा काय एकट्या तुमचे होते का? आख्ख्या संस्थेचे होते. दहाव्याला टेकडीवर स्मृतिवन करू. रक्षा तिथंच घालू, वरून झाड लावू. मोठे पाव्हणे येणार हायत."

"आप्पा हिवराखाली म्हणाले होते," मनकर्णा म्हणाली.

"हिवर? ताई, काट्याचं झाड हाय ते. पाव्हण्याच्या बोटात काटा मोडला तर काढायला तुमी बसणार का?"

बरोबरचे लोक हसले. केशरबाई हसली नाही, पण तिनं मान डोलावली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच तिची पाठ जरा ताठ झालेली मनकर्णानं पाहिली. म्हणून तिनं हिवराचं पुन्हा काढलं नाही.

दहाव्याला टेकडीवर गावाच्या वाटणीचा टँकर चढला. खाली पायथ्याशी बाया रिकाम्या घागरी घेऊन उन्हात उभ्या होत्या. बंकटराव म्हणाले, "आप्पा ह्या झाडाच्या पानापानात जिवंत राहतील." मग एका झारीला बाराजणांनी हात लावून फोटो काढला. पाणी इतकं ओतलं की चिखल झाला, तो पाहुण्यांच्या बुटांवर उडाला, आणि टँकरमधलं उरलेलं पाणी बूट धुण्यात गेलं. पायथ्याच्या बाया रिकाम्या घागरी डोक्यावर घेऊन परत फिरल्या.

"मोठा मान केला गं, मने," घरी आल्यावर केशरबाई म्हणाली. मनकर्णानं तिला पाणी दिलं.

सकाळी ती तांब्याभर पाणी घेऊन एकटीच टेकडीवर गेली. चिखल वाळून भेगाळला होता. नागचाफ्याची पानं लोंबत होती. खोडाभोवती मातीतून काळी कड डोकावत होती. तिनं बोटानं माती सारली. रोपवाटिकेची प्लास्टिकची पिशवी. फाडलीच नव्हती. तशीच्या तशी खड्ड्यात ठेवून वरून माती लोटली होती. मुळांनी जायचं कुठं?

तिनं रोप उपसून काढलं. खाली करड्या राखेचा थर होता. त्याच्यावर कुणीतरी टाकलेली गुटख्याची पुडी पडली होती, ती तिनं चिमटीत धरून लांब फेकली. राख ओंजळीनं उचलून ओढणीत घेऊ लागली, तशी बोटं पुन्हा प्लास्टिकला लागली. मागच्या सालची पिशवी, आत वाळकी काडी. तिच्याखाली त्याच्या मागच्या सालची, चेपून चपटी झालेली. दुरडीत भाकरी ठेवाव्यात तशा एकावर एक. दर साली तोच खड्डा, नवं रोप, नवा फोटो. आणि ह्या सगळ्यावर तिचा बाप ओतला होता.

खड्डे लई चांगले हायत.

गुडघ्यांवर विश्वास कसा ठेवला आपण, असं तिच्या मनात आलं. ती खड्ड्याच्या काठावर बसली आणि पिशव्यांच्या घड्यांत अडकलेली राखही बोटांनी ओरबाडून काढली. मग निघाली तेवढी राख घेऊन उतरली.

मायला काय सांगायचं, हे वाटेत ठरेना. त्या एका दिवसाच्या मानावर म्हातारी बाकीचं वर्ष काढणार होती. पण केशरबाई ओट्यावरच बसली होती. तिनं लेकीचे हात बघितले, ओढणीची गाठ बघितली.

"हे काय आणलंस?"

"आप्पांची राख. त्या खड्ड्यात दर सालची रोपं पिशवीसकट पुरलीत," मनकर्णा म्हणाली. तिनं गाठ सोडली. राखेत काळ्या प्लास्टिकचे तुकडे मिसळलेले होते. केशरबाईनं एक तुकडा उचलून बघितला. मग आत जाऊन सूप घेऊन आली, राख त्यात हलक्या हातानं घेतली आणि ज्वारीतले खडे वेचावेत तसे एकेक तुकडे वेचून बाजूला टाकू लागली.

"सांगायचं न्हाई का मला, म्हाताऱ्यानं," ती एवढंच म्हणाली. राखेला बोलली की लेकीला, कळलं नाही.

दोघींनी राख हिवराच्या बुडाला नेली. तांब्यातलं पाणी घातलं. मनकर्णानं बाभळीच्या फांद्या ओढून आणल्या आणि भोवती गच्च कुंपण केलं. हाताला काटे लागले, रक्त आलं. आता शेळ्यांचं तोंड इथवर पोचणार नव्हतं. ह्या झाडाला एवढंच हवं होतं.

दुपारी बंकटराव तावातावानं आले.

"काकू, स्मृतिवनातला आप्पांचा खड्डा कुणी उकरला? रोप बाहेर पडलंय!"

केशरबाईनं सूप भिंतीला उलटं टेकवलं.

"रानडुकरं असतील. दर साली तिथंच तोंड घालत्यात."

बंकटरावांनी मनकर्णाच्या हातांवरच्या ओरखड्यांकडं पाहिलं, मग दुसरीकडं.

"जाऊ द्या काकू, तुमी जिवाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "पावसाळ्यात दुसरं लावू. खड्डा तर तयारच हाय."