लोण्याचा कप्पा

टक्. फ्रिजच्या दारातला लोण्याचा कप्पा उघडला आणि ट्रेसाचा हात तिथेच थबकला. ऊन अजून डोंगरावरून खाली खोऱ्यात उतरलं नव्हतं. घर गप्प होतं. पूर्वी रोज सकाळी हा आवाज हार्लनचा असायचा. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली, तरी कप्पा वाजला की पाठीमागून कुणी हळूच म्हणतंय असं तिला वाटे, "पुरेल गं. आठवडाभर सहज पुरेल."

हार्लनला साखरेचं दुखणं. खाणीतली नोकरी सुटली तसा विमाही सुटला, आणि तो या कप्प्यात ठेवलेलं इन्सुलिन पुरवून पुरवून घेऊ लागला. औषधाला पैसे जमवायला पेट्रोल पंपावर लोणच्याची रिकामी बरणी ठेवली, वर त्याचा हसरा फोटो. खोऱ्यात कुणी आजारी पडलं की हीच रीत. बरणी भरण्याआधीच तो गेला. आता तिच्यात ट्रेसाची लेक नेल रंगीत खडू ठेवते. फोटो खरवडून काढायला मात्र कुणाचा हात धजला नाही.

पुढे कायदा बदलला. शाळेच्या स्वयंपाकघरात अर्धवेळ राबणाऱ्या ट्रेसालाही सरकारी विम्याचं कार्ड मिळालं. म्हणून तर तेच दुखणं तिच्यात वेळेवर सापडलं, औषध घरी आलं. पंपावर हल्ली बरणी क्वचितच दिसते.

तिने इन्सुलिनच्या बाटलीतून सुई भरली. अर्ध्यावरच थांबली.

"किती घेतलंस?" चुलीपाशी ग्रेव्ही ढवळणाऱ्या आईने मान न वळवता विचारलं.

"पुरेसं."

"दाखव इकडे."

"आई, उद्या कार्ड काढून घेतलं तर? थोडं मागे असलेलं बरं."

"मागे टाकायचं तर हिवाळ्यासाठी शेंगा टाक बरण्यांत भरून, तळघर रिकामंच आहे!" आई वळली. मग आवाज उतरला तिचा. "रात्रभर पाणी पितेस तू. नळ ऐकते मी, पोरी. तोही असाच प्यायचा आणि सकाळी म्हणायचा, मी ठणठणीत आहे. कुणासाठी साठवतेयस? तो यायचा नाही न्यायला."

ग्रेव्ही तळाला लागल्याचा वास सुटला. दोघींपैकी कुणीच हललं नाही.

ट्रेसाने बाटली पुन्हा उलटी धरली. पुरेल गं, मागून आलंच. तिने ओठ घट्ट मिटले, डॉक्टरांनी सांगितलेल्या खुणेपर्यंत सुई भरली आणि पोटात टोचली. आईने एप्रनला डोळे पुसले आणि ग्रेव्ही वाचवायला धावली.

टेबलाखालून नेल बाहेर आली. निळा खडू तिने बरणीत टाकला, फोटोतल्या हसऱ्या तोंडावरून बोट फिरवलं.

"आई, तुला पूर्ण मिळतं ना आता?"

"हो, राणी."

"मग मामाला का नाही दिलं?"