जुळ्यातली दुसरी

मी दुसरी बोलतेय. हो, नावच दुसरी! आमच्या गोठ्यात कुणाला रंगावरून नाव पडलं, कुणाला शिंगांवरून. मला नंबरावरून पडलं. आज मी गव्हाच्या काडावर आडवी पडलेय, मागचे पाय माझं काही ऐकत नाहीत. पण तोंड चालू आहे ना! ते जन्मापासून चालू आहे. त्या तोंडानंच मला एकदा वाचवलंय, तेव्हा गप्प बस म्हणून मला कुणी सांगायचं नाही.

माझा जन्म भर दुपारचा. आई सकाळपासून ऊठबस करत होती. आधी एक गोऱ्हा बाहेर आला, चांगला दांडगा. मालकांनी त्याला पुसलं, हात धुतले आणि जेवायला निघाले. तेवढ्यात आत्या ओरडली, "अरे थांब, थांब! अजून दोन खूर दिसतायत!"

ते खूर माझे! आत्या म्हणजे मालकांची थोरली बहीण. वासरांचं सगळं तिच्याकडे. मालकांची मुलं तिला आत्या म्हणतात म्हणून सगळेच म्हणतात, अगदी गुरांचे डॉक्टरसुद्धा.

मी धपकन बाहेर पडले. नाकात फेस, अंगावर चिकट पाणी, आणि समोर आईची जीभ! काय सांगू, एवढी खरखरीत आणि एवढी गरम जीभ! तिनं मला चाटून चाटून उभंच केलं. मग आत्यानं चिकाची बादली आणली, आपलं बोट माझ्या तोंडात दिलं आणि हळूच हात बादलीत बुडवला. मी बोट चोखतेय असं मला वाटत होतं, आणि पोटात जात होता चीक! अशी माझी पहिली फसवणूक. फार गोड होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले आणि त्यांनी घोळ घातला. घोळ कसला, खरं तेच सांगितलं बिचाऱ्यांनी. "जोडीला गोऱ्हा असला की पोटातच त्याचं रक्त बहिणीत मिसळतं. अशी कालवड बहुतेक वांझ निघते. थोडी वाढू दे, मग तपासून सांगतो."

डॉक्टर म्हणाले 'बहुतेक'. मालकांनी ते तिथेच काडात सांडलं आणि पुढचं तेवढं उचललं. डॉक्टरांना पुन्हा विचारायलासुद्धा कुणी गेलं नाही.

आता तुम्ही माणसं दूध पिता, पण गायीला दूध येतं कसं ते किती जणांना ठाऊक असतं? अहो, व्यायल्याशिवाय दूध नाही! आणि दूध नाही तर गोठ्यात जागा नाही. मग गुरांचा व्यापारी येतो, फळी लावतो, गाडीत चढवतो. त्या गाडीतून परत आलेलं मी कुणी पाहिलेलं नाही. माझा भाऊ तसाच गेला. जाताना त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं होतं. मला फार रडू आलं होतं.

"हिला वजन धरू दे, मग देऊन टाकू," मालक म्हणाले आणि मला चाऱ्याच्या खोलीमागे एकटीला बांधलं.

"ताई, तू तिला उगाच जीव लावू नकोस हं."

"मी कुठे लावतेय?" आत्या म्हणाली, आणि पदराआडून मला मूठभर पेंड चारली.

मी वाढले. अंग भरलं, कातडी चकाकायला लागली. आणि एके सकाळी, बाई गं, काय झालं कुणास ठाऊक! अंगात नुसतं वारं शिरलं. खाणं नको, रवंथ नको, एका जागी उभं राहवेना. मी दावं ताणलं, मान वर केली आणि जी हंबरडा फोडायला लागले, ती थांबायचं नाव नाही! मी माजावर आले होते. म्हणजे मी वांझ नव्हते! अंग ओरडून सांगत होतं, अरे, मी आई होणार आहे, या कुणीतरी!

आत्या धावत आली. मला वाटलं, झालं, कळलं हिला! तिनं माझ्या पोटावर थापट्या मारल्या, कान लावून ऐकलं आणि म्हणाली, "पोट फुगलंय गं तुझं."

आणि बाटलीभर कडू औषध माझ्या घशात ओतलं!

चूक तरी कुणाला म्हणायची? दुसरी कुठली गाय ओरडली असती तर आत्यानं आधी तिची शेपटी वर करून पाहिली असती. पण मी पडले वांझ! वांझेला माज येत नाही, म्हणजे हिचं पोटच दुखत असणार. संध्याकाळपर्यंत मी आपोआप शांत झाले, आणि औषध लागू पडलं म्हणून आत्या घरभर सांगत सुटली. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. पुन्हा मी ओरडले, पुन्हा बाटली! इतकं वाईट औषध मी आयुष्यात प्यायले नाही.

मग ती सकाळ उजाडली. अंगात तेच वारं, आणि अंगणात तीच गाडी! व्यापाऱ्यानं फळी लावली. मालकांनी माझं दावं सोडलं. आत्या दुधाच्या बादल्या धूत पाठ करून उभी होती, माझ्याकडे बघायचं नाही असं ठरवूनच. चाऱ्याच्या खोलीमागून गाडीकडे जायचं तर अंगण ओलांडावं लागतं, आणि नेमक्या त्याच वेळी धारा काढून झालेल्या गायी बाहेर सुटल्या होत्या.

मी ओरडले. कशी ओरडले म्हणून विचारू नका, घशाच्या शिरा तुटतील असं वाटलं! ते ऐकून एक मोडक्या शिंगाची गाय तरातरा चालत आली, तिनं मला मागून हुंगलं, आणि सरळ माझ्या पाठीवर पुढचे पाय टाकून चढली. माजावरच्या गायीचा वास आला की गायी असंच करतात.

तिचं ते धूड! पण मी हलले नाही. चारही पाय रोवून उभी राहिले, तसूभर सरकले नाही.

"ए, हट्! ही काय मस्ती!" व्यापारी खेकसला. "चढवा हो पटकन, मला पुढे जायचंय."

खडाक! आत्याच्या हातातली बादली पडली.

"अरे थांब! ती उभी राहिली बघ!"

"उभी राहिली तर राहिली, ताई. वांझ आहे ती."

"वांझ कालवड अशी उभी राहते होय रे? माजावर आहे ती! तिची शेपटी उचलून बघ!"

मालकांनी शेपटी उचलली. खाली काचेसारखी लांब चिकट तार लोंबत होती. मालक बघतच राहिले. आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! आणि मी मेली तिला पोटाचं औषध पाजत होते!"

ती रडत होती की हसत होती, मला शेवटपर्यंत कळलं नाही. व्यापारी रिकामी गाडी घेऊन बडबडत गेला. डॉक्टर आले, हात घालून नीट तपासलं आणि त्यांचा चेहराच उजळला. "आत्या, सगळं जागच्या जागी आहे! अशी एखादीच निघते."

त्याच दिवशी त्यांनी वळूचं बीज सोडून मला भरवलं. मग तीन आठवडे झाले तशी आत्या माझ्यासमोर पाट टाकूनच बसली. दिवसभर मी तोंडातून आवाज काढला नाही. माज आला नाही, म्हणजे मी गाभण! माझ्या गप्प राहण्यावर कुणी नाचल्याचं ते एकच उदाहरण.

पहिल्या वेताला मला कालवड झाली. मी तिला चाटलं, अगदी माझ्या आईसारखं. मग तिला वासरांच्या खोलीत नेलं. ते सगळ्यांचंच नेतात, पण माझ्याच्यानं ते सोसलं नाही. मशीनचे पेले सडांना लावले तर मी लाथ झाडली, पान्हाच सोडेना. शेवटी आत्या आली, तिनं गळ्याखाली खाजवत जिभेनं टक् टक् केलं, आणि कासेत जे दूध भरून आलं म्हणता! बादली फेसानं काठोकाठ! मालक नुसते 'वा' म्हणत उभे.

पुढे कितीतरी वर्षं तेच. विणं, दूध, आटणं, पुन्हा विणं. मी गोठ्यात सगळ्यात पुढे चालायचे आणि माझ्या आधी कुणी दारातून गेलेलं मला चालायचं नाही. मग गुडघे सुजले, कास लोंबली, दूध कपभरावर आलं. एकदा ती गाडी पुन्हा अंगणात उभी राहिली. मी आपली तयारीत होते. पण मालकच म्हणाले, "ही नाही. हिच्या बाबतीत एकदा चूक करून बसलो होतो."

आज सकाळी डॉक्टर माझ्यापाशी बसले, पाठीवर हात फिरवला आणि आत्याला हळूच म्हणाले, "आता औषध नको." आत्याचे केस पांढरे झालेत. ती खाली काडावर बसली आणि जन्मल्यावर दिलं होतं तसं बोट तिनं माझ्या तोंडात दिलं. मला दात राहिलेले नाहीत, पण चोखता येतं अजून.

आणि ऐका, ऐका! पलीकडच्या कप्प्यात माझी नात विते आहे! मघाशी गोऱ्हा झाला. मालक हात धुवायला निघाले आणि थबकले. "ताई! अजून दोन खूर!"

धपकन आवाज आला. कालवड! मी कान टवकारले. मग मालकांचा आवाज आला, "हिला वांझ म्हणायचं नाही कुणी. वाढू दे, आणि डॉक्टरांनी तपासल्याशिवाय हिला कुठे द्यायचं नाही."

आणि ती ओरडली! काय आवाज आहे पोरीचा! ओरड गं, ओरड, कुणीतरी वळून नीट बघेपर्यंत ओरड. आणि तुम्ही, जे कुणी ऐकताय, एवढंच करा. गाय ओरडली की बाटली काढायच्या आधी तिच्याकडे एकदा बघा.

आत्या हलत नाहीये. तिकडे चिकाची बादली भरलीय, पोर भुकेली आहे, आणि ही इथे माझ्यापाशी डोळे पुसत बसलीय. जा गं, तिला गरज आहे.

मी तिचं बोट सोडलं.