गरम तळपाय

थंडी काय इस्लापूरला नवी हाय का? पण औंदा डॉक्टरनं सांगितलं, आमच्या ह्यांच्या छातीला गारठा लागला तर अवघड होईल. झालं! नांदेडला नोकरीला असलेला आमचा धम्मानंद लगेच म्हणाला, "माय, बाबांना इकडं घेऊन येतो. त्या फळ्यांच्या घरात नुसतं वारं शिरतंय."

ह्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. त्यांच्या बापानं उभं केलेलं सागवानी घर, तिथंच मरायचं म्हणून बसलेले. मला राग आला. म्हणलं, "घराला नावं ठेवू नको. वारं मी बंद करते." पोरगं बी माझंच. म्हणालं, "कर. पण एका सकाळी जरी बाबांचे तळपाय गार लागले, तर गाडी घेऊन आलोच समज."

लागले कामाला. बुद्धवंदनेची उदबत्ती पेटवून एकेका फळीपाशी धरायची. धूर वाकडा झाला की तिथं फट. तिथं चिंध्या कोंबल्या, वरून शेणमाती लिंपली. शेजारच्या सिंधूला माळ्यावर चढवून सोयाबीनच्या भुसकटाची पोती अंथरली. दाराला आतून गोधडी टांगली. सिंधू हसायची, "काकू, आता मुंगीनं बी बाहेरच ऱ्हावं का?" हसू दे. हे म्हणाले, "लई दिसांनी अंग सैल झालं गं." त्या एका बोलण्यावर मी आठवडाभर फुगून फिरत होते.

रोज सकाळी आठला पोराचा फोन यायचा. त्याआधी मी पांघरुणात हात घालून तळपाय बघायची, मग ह्यांना हाक मारून उठवायची.

त्या दिवशी बी हात घातला. तळपाय गरम. रातभर खोकून नुकती झोप लागली असंल, म्हणून उठवलं न्हाई. फोन आला तसं मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "गरम हायत. मजेत झोपून राहिलेत. तुझी गाडी तिकडंच ठेव."

दहाला चहा घेऊन गेले तवा कळलं. श्वास न्हाई. सिंधू पळत जाऊन डॉक्टरला घेऊन आली. तो म्हणाला, पहाटेच गेलेत. घर असं उबदार, वर दोन गोधड्या, म्हणून अंग लवकर निवलं न्हाई.

म्हणजे मी पोराला सांगत होते तवा माणूस नव्हताच. अगं माय, काय करून बसले मी!

धम्मानंद दुपारी आला. बापाच्या उशाशी बसून लई रडला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "माय, हाक तरी मारली होतीस का?"

न्हाई मारली. झोपमोड होईल म्हणलं.