तिसऱ्या प्लगवरचे ठिपके

पांढऱ्या चिनीमातीच्या नाकावर काहीतरी चमकलं – की चमकलंच नाही... त्याने गाडीच्या इंजिनातून काढलेला स्पार्क प्लग खिडकीकडे धरला, मग दिव्याकडे, मग पुन्हा खिडकीकडे, आणि दर वेळी ते नाक वेगळंच दिसलं; एकदा राखेसारखं, एकदा दुधासारखं, आणि एकदा त्यावर चांदीची पूड उडाल्यासारखं. बाकीचे तीन फडक्यावर निमूट पडले होते, खरपूस भाजल्या रंगाचे, शहाण्या मुलांसारखे. तिसऱ्या सिलिंडरचा हा एवढाच कार्टा.

"दादा, अंडी उबवतोयस का?" बॉनेटखालून धाकट्याचा आवाज आला. "धुऊन दे की पटकन."

धुऊन दे म्हणे. याला प्लग म्हणजे चमचे वाटतात. आणि वर पुन्हा शिकवणार – या प्लगांचं टोक केसासारखं बारीक असतं दादा, तारेचा ब्रश मारायचा नाही, नुसता फवारा आणि हवा – तेही गिऱ्हाइकांच्या देखत, मोठ्याने, जणू मी प्लग पहिल्यांदाच पाहतोय! मी याला पाना धरायला शिकवला तेव्हा याचं नाक मीच पुसत होतो... त्याने बोटं आवळली. प्लग बोटांत रुतला. रुतू दे.

बाकावर दुसरी पेटी होती, नव्या प्लगांची, एक पायरी थंड, म्हणजे अंगातली उष्णता झटकन बाहेर टाकणाऱ्या जातीचे. टर्बो हा पंखा इंजिनात हवा कोंबकोंबून भरतो. तिथे गरम प्लगचं टोक निखाऱ्यासारखं लाल होतं आणि ठिणगीची वाट न बघता पेट्रोल आपणच पेटवून बसतं, मग पिस्टन आतून कुरतडला जातो आणि त्याचे कण या पांढऱ्या नाकावर येऊन चिकटतात, चकचकीत, धुळीएवढे. कण असतील तर थंड प्लग घालायचे, टर्बोचा दाब उतरवायचा, इंजिन खोलायचं आणि उद्याची शर्यत विसरायची. नसतील तर हेच धुऊन, फट मोजून, परत बसवायचे. धाकट्याला अर्थात हेच हवे होते. थंड प्लगांवर गाडी उभ्या उभ्या खोकते, आणि उद्या चारचौघांत खोकणारी गाडी घेऊन हा कसा मिरवणार?

निकाल दादाने द्यायचा. प्लग वाचणं हे या गॅरेजात दादाचंच काम होतं – एवढं एकच उरलं होतं. एकदा एका डॉक्टरच्या गाडीचा प्लग बघून त्याने सांगितलं होतं, तुमच्याकडे सासूबाई मुक्कामाला आल्यात. एवढी काजळी रस्त्याने धरत नाही, घरी जायचं जिवावर आलेला माणूसच गाडी अशी गल्लोगल्ली रेंगाळत नेतो. डॉक्टरने हात जोडले होते. जोडले होते की नुसता हसला होता... सांगताना जोडलेलेच बरे दिसतात.

पण हल्ली दिव्याभोवती कडं दिसतं. कडेकडेने सगळं वितळत आत येतं. भिंग मागितलं की धाकटा समजणार. समजला की पुन्हा तेच, गोड आवाजात – तू आता बाहेर टेबलाशी बस दादा, येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मार. टेबलाशी! शेतात बुजगावणं उभं करतात तसा. त्याने हळूच प्लगला जीभ लावली. खरखरलं. काजळीही खरखरतेच.

धाकटा हात पुसत पुढ्यात येऊन उभा राहिला. "काय म्हणतोय तिसरा? सासू आली का?"

"तुझ्या तोंडी लागत नाही मी."

"नको लागूस. वाच तेवढा. सगळ्या गावाला वाचून दाखवतोस, भावाच्या वेळी मौन?"

"उद्या किती दाबणार आहेस?"

"तळाला टेकेपर्यंत. पुसून ठेवायला नाही घेतलेली ती."

"मग फुटेल."

शब्द तोंडातून सुटला तेव्हा त्याची त्यालाच गंमत वाटली, इतका तो तयार, गोल, चावून चावून मऊ झालेला होता. कधीपासून जिभेखाली धरला होता हा? फुटेल. भर वेगात इंजिन फुटेल, तेल याच्याच चाकाखाली येईल, आणि मग याला कळेल...

धाकट्याच्या हातातलं फडकं थांबलं. आता हसेल, म्हणेल, सोडल्यास ना पुड्या. पण तो हसला नाही. त्याने पेटलेल्या दिव्याकडे, प्लगकडे आणि मग सरळ दादाच्या तोंडाकडे पाहिलं.

"कण दिसले तुला?"

दादाने प्लग बोटांत उलटा फिरवला.

"दिसले असतील तर मी आत्ता फोन करून नाव काढून घेतो. तू सांग फक्त."

हे कुठून काढलं याने? इतकी वर्षं टिंगल करणारा हा माणूस, आणि याने ते सगळं – सासू, डॉक्टर, सगळं – खरं मानलं होतं? टिंगल परवडली असती. टिंगलीला पाठ टेकून आयुष्य काढता येतं. दादाने प्लग पुन्हा उजेडात धरला आणि ठिपके दिसले, स्पष्ट, लखलखीत, खच्चून भरलेले. आणि ते दिसताना छातीत जे काही ऊबदार पसरलं त्याने त्याला दरदरून घाम फुटला. मला ते तिथे हवे आहेत. डोळ्यांना कमी दिसतं हे खरं, पण हे मी डोळ्यांनी बघतच नाही... त्याने मान वळवली, पुन्हा पाहिलं. नाक कोरं होतं. पुन्हा पाहिलं.

"दादा?"

धाकटा वाट बघत होता. शाळेतून आणायला उशीर झाला की फाटकाशी तो असाच उभा असायचा, रागावलेला, पण हलायचा नाही. भिंग दे म्हणणं, दोन शब्दांचं काम. दिसले म्हणणं, एका शब्दाचं. दादाने बोलायला तोंड उघडलं, आणि आत, जिथे नेहमी दहा गोष्टी एकमेकींना ढकलत उभ्या असत, तिथे कुणीच नव्हतं.