सरकारी पाहुणचार

ज्या खोलीची फरशी मी आजवर गुडघ्यावर बसून पुसत आले, त्याच खोलीत त्या दिवशी पाहुणी म्हणून बसले होते. हौसेनं नव्हे. मंदीनं पर्यटक पळवले आणि सरकारनं तोडगा काढला, प्रत्येकाला फुकट मुक्कामाचं कूपन! लोकांनी सहलीला जावं, हॉटेलं जगावीत. पण ज्याला उद्याची भ्रांत आहे तो कशाला फिरायला जातोय? कुत्रं फिरकलं नाही. मग मालकानं आम्हा नोकरांचीच कूपनं गोळा केली आणि आम्हालाच खोल्यांत कोंबलं. खोल्या भरलेल्या दिसल्या तर सरकारी मदत चालू, नाहीतर हॉटेलला टाळं.

"तपासनीस येऊन जाईस्तोवर खोली सोडायची नाही," भावजींनी बजावलं. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, इथले मॅनेजर.

नेमकं त्याच दिवशी मला इस्पितळाच्या धुलाईघरात बोलावलं होतं. पक्की नोकरी. दुपारपर्यंत तोंड दाखवलं नाही तर दुसरी बाई घेऊ, असं तिथल्या मुकादमबाईंनी तोंडावर सांगितलं होतं.

"भावजी, गेले नि आले."

"वहिनी, तेवढ्यात तो आला तर? कूपनवाला दिसला नाही की खोली रिकामी धरतात, आणि एक खोली रिकामी निघाली की सगळ्यांच्या पोटावर पाय. आचारी, वॉचमन, मी..."

"आणि माझ्या पोटाचं काय?"

"तुम्ही तर आमच्याच ना!"

आमच्याच म्हणे. दावणीची गायही आमचीच असते.

माझ्या कूपनावर सोबत आलेल्या सासूबाई पलंगावर ऐसपैस पसरल्या होत्या. "बस की गं. जन्मात पहिल्यांदा असली गादी मिळाली, तर हिला धुणं आठवतंय!"

बसवेना. हात स्वस्थ राहीनात. सासूबाईंना खुर्चीत हलवलं, चादर ताणली, कोपरे दुमडून गादीखाली खोचले, टॉवेलांच्या घड्या रचल्या, आरसा लख्ख केला.

दुपार व्हायला आली तेव्हा तपासनीस आला. मागे भावजी, हात बांधून. त्यानं पलंग पाहिला आणि खो खो हसायला लागला.

"कमाल आहे! वरच्या खोलीतल्या पाहुण्यानं काटेचमचे रांगेत लावलेत. खालचा पाहुणा मला बघून ताडकन उठला, सलाम ठोकला आणि दार उघडून धरलं. आणि इथं हे! अहो, मुक्कामाला आलेला माणूस स्वतः पलंग आवरतो होय?"

भावजींचा चेहरा पांढराफटक. मला मात्र हायसं वाटलं. चोरी पकडली, सुटले एकदाची. लागू दे टाळं. मी चपला पायात सरकवल्या.

तर तो दार ओढून घेत हळूच म्हणाला, "घाबरू नका. माझ्या भागात एकही हॉटेल भरलेलं नाही. वर काय दाखवू, माझं टक्कल? तुम्ही भरलेले दिसलात म्हणून मी वाचलो. फक्त उद्या मंत्रीसाहेब कॅमेरे घेऊन येताहेत. तोवर कुणी हलायचं नाही. आणि जरा विस्कटून ठेवा हो, माणसं राहताहेत असं वाटू द्या."

"मला जायचंय," मी म्हणाले. "माझी नोकरी जाईल."

"खुशाल जा. पाहुण्याला कोण अडवणार? मी खोली रिकामी लिहीन, एवढंच."

दार उघडलं तर बाहेर आचारी आणि वॉचमन उभे, ठेवणीतले कपडे घालून. आचाऱ्याची बायको पोटुशी आहे. दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी तरातरा निघून गेले असते. मेले नुसते माझ्या पायांकडे बघत राहिले.

मी चपला काढल्या. मुकादमबाईंना फोन लावला.

"बाई, उद्या आले तर चालेल?"

"उद्या काय हवा खायला येतेस? घेतली मी दुसरी."

फोन बंद.

"कोण होतं गं?" सासूबाईंनी विचारलं.

मी चादर मुठीत धरली आणि उपसून काढली. उशा भिंतीवर फेकल्या. टॉवेलांचा ढीग लाथाडला. गादी अर्धी जमिनीवर ओढली. सासूबाई किंचाळल्या, "अगं सटवे, वेड लागलं का तुला?"

"साहेबांचा हुकूम आहे," मी म्हटलं आणि एक उशी उचलून फाडायला घेतली. "इथं माणसं राहताहेत असं वाटायला पाहिजे."